जुनी फोर-बाय-फोर: आधी खालून पाहणी, मग सुधारणा

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी घ्यायचे ठरले तेव्हा माझ्या वहीत दोन पाने होती. गाडीत काय असायलाच हवे ते एका पानावर लिहिले होते. गाडी घरी आल्यावर तिच्यात काय बदल करायचे यासाठीचे दुसरे पान मी मुद्दाम कोरे ठेवले होते. उंच सस्पेन्शन, मोठे टायर, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढून काढणारे यंत्र), छतावरचा तंबू या गोष्टी डोक्यात घोळत नव्हत्या असे नाही. पण आपल्या हाती येणारी गाडी नेमकी कशी आहे, हे कळण्याआधी तिच्या सुधारणा ठरवण्यात अर्थ नसतो, असे माझे मत होते आणि अजूनही आहे.

पहिल्या पानावरच्या अटी मोजक्याच होत्या. गाडी लॅडर फ्रेमची, म्हणजे स्वतंत्र चेसिसवर बॉडी बसवलेली असावी. इंजिन डिझेल आणि गिअरबॉक्स हाताने बदलायचा असावा. पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद वाटणारा ट्रान्सफर केस असावा, आणि त्याला लो रेंज, म्हणजे सावकाश पण जोरकस चालीचा गिअर, असावी. आणि इलेक्ट्रॉनिक्स जितके कमी तितके बरे. लो रेंजबाबत मी तडजोड करणार नव्हते. दिसायला दणकट आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या, पण लो रेंज नसलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत आणि पावसाळी रस्त्यांवर त्या उत्तम चालतात. परंतु खडकाळ चढावर क्लच न जाळता, किंवा तीव्र उतारावर ब्रेक न तापवता, चालण्याच्या वेगाने जायचे असेल तर गिअरच खाली उतरवावा लागतो, त्याला पर्याय नाही.

अशी गाडी पाहायला जाताना माझ्यासोबत एक अनुभवी मेकॅनिक असत. "ताई, रंग आणि सीट तुम्ही बघा, मी खाली जातो," असे ते म्हणत, आणि दर वेळी त्यांच्यामागोमाग मीही गाडीखाली शिरत असे. साध्या मोटारीची तपासणी बव्हंशी बॉनेट उघडून होते. फोर-बाय-फोरचे खरे आयुष्य मात्र खालच्या बाजूला लिहिलेले असते. चेसिसच्या कडेला वाकलेला पत्रा, ट्रान्सफर केसखालच्या संरक्षक प्लेटवरचे ओरखडे, इंधनाच्या टाकीला आलेला पोचा यांवरून मागच्या मालकाने गाडी कुठे आणि कशी हाकली याचा अंदाज येतो. ओरखड्यांचे मला भय वाटत नाही, कारण संरक्षक प्लेट ओरखडे खाण्यासाठीच असते. मला भीती वाटते ती नुकत्याच मारलेल्या काळ्या रंगाची.

तसा रंग एका गाडीला होता. वरून गाडी देखणी होती, आतले गालिचेही स्वच्छ होते आणि खाली सगळे चेसिस एकसारखे काळेभोर चकाकत होते. मेकॅनिकांनी चेसिसच्या खालच्या बाजूला असलेल्या पाणी निघून जाण्याच्या भोकात एक तार घातली आणि ती फिरवली, तशी वाळलेल्या मातीबरोबर बारीक वाळू आणि त्यात शिंपल्याचे दोन-तीन पांढरे तुकडे खाली पडले. म्हणजे गाडी समुद्रकिनाऱ्यावर फिरलेली होती आणि खारी वाळू बंद पोकळीत साचून राहिली होती. मग त्यांनी लहान हातोडीने चेसिसवर ठोकत जायला सुरुवात केली. चांगल्या पोलादाचा आवाज खणखणीत येतो. मागच्या चाकांच्या वर जिथे चेसिस वळते तिथे मात्र तो बद्द आला आणि स्क्रू-ड्रायव्हरचे टोक रंगाच्या थराखाली सहज रुतले. वरचा पत्रा बदलता येतो, इंजिन दुरुस्त करता येते. परंतु आतून गंजलेले चेसिस दुरुस्त करणे हे इतके मोठे काम असते की त्यासाठी गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. आम्ही मालकांचे आभार मानून निघालो.

शेवटी जी गाडी घेतली ती दिसायला त्या गाडीच्या पासंगालाही पुरली नसती. रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा, आणि पुढच्या एका मडगार्डवर चुंबक चिकटत नव्हते, म्हणजे तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर होता. चेसिसवर गंज होता, पण तो वरवरचा आणि खरवडल्यावर खाली घट्ट धातू लागणारा. चेसिसवर ठोकलेला क्रमांक कागदपत्रांतल्या क्रमांकाशी जुळत होता आणि त्याच्या आसपास घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा नव्हत्या. इंजिन सुरू करून ठेवू नका, अशी विनंती आम्ही आधीच केली होती, कारण थंड इंजिन जे बोलते ते गरम इंजिन लपवते. सुरू होताना थोडा पांढुरका धूर आला आणि काही वेळात थांबला. निळा धूर, म्हणजे जळणारे ऑइल, नव्हता; जोरात रेस केल्यावरही काळ्या धुराचा लोट नव्हता. चालू इंजिनावर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहिले तेव्हा ते हलकेसे थरथरले, उडाले नाही. पिस्टनच्या रिंगांतून दाब फारसा निसटत नसल्याचे ते लक्षण होते.

ही गाडी पार्ट-टाइम पद्धतीची आहे. नेहमीच्या रस्त्यावर ती मागच्या दोन चाकांवर चालते, आणि गरज पडल्यावर ट्रान्सफर केसची दांडी ओढली की पुढचा प्रोपेलर शाफ्ट (अॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) मागच्या शाफ्टशी घट्ट जोडला जातो. दोघांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नसल्यामुळे पुढची आणि मागची चाके सरासरी एकाच वेगाने फिरायला भाग पडतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर असे चालवले की सगळी यंत्रणा पिळली जाते. म्हणून ही चाचणी खडी किंवा सैल मातीवरच करायची असते. खडीच्या मोकळ्या जागेत गाडी नेऊन मी फोर-व्हील हायमध्ये, म्हणजे चारही चाके जोडून नेहमीच्या गिअरवर, घातली, डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा लागला, स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवली आणि अपेक्षित असलेले काहीच झाले नाही. अशा वेळी गाडी थोडी अडखळते, कुणी मागे ओढत असल्यासारखी वाटते, पुढची चाके खडी खरवडत जातात. ही गाडी मात्र टू-व्हीलमध्ये जावी तशी मऊपणे वळली.

मालकांच्या मते सर्व काही ठीक होते, आणि ते प्रामाणिकपणेच सांगत होते, कारण दिवा तर लागत होता. पण तो दिवा फक्त ट्रान्सफर केसमधली दांडी जागेवर गेली एवढेच सांगतो. पुढच्या चाकांच्या मध्यभागी हाताने फिरवायचे फ्री-व्हीलिंग हब होते; ते 'लॉक' वर असतील तरच चाक आपल्या अर्ध्या शाफ्टशी (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत येणाऱ्या दांड्याशी) जोडले जाते. जॅक लावून पुढची बाजू उचलली. डावे चाक हाताने फिरवले, तर आतला शाफ्ट त्याच्याबरोबर फिरला. उजवे फिरवले, तर चाक एकटेच फिरले आणि शाफ्ट जागच्या जागी राहिला, जरी हबवरचा बाण 'लॉक' कडे होता. यातली मेख अशी की पुढचे डिफरन्शियल साधे, ओपन प्रकारचे असल्याने एका बाजूचा शाफ्ट मोकळा सुटला की दुसऱ्या बाजूलाही ताकद मिळत नाही. जी बाजू मोकळी, तिकडेच सगळे फिरणे निघून जाते. थोडक्यात, एक हब अडकल्यामुळे ही फोर-बाय-फोर कित्येक काळ निव्वळ टू-व्हील-ड्राइव्ह म्हणून चालत होती आणि कुणाच्या ते लक्षात आले नव्हते.

मला हा दोष सापडल्याचा आनंदच झाला, हे सांगायला हरकत नाही. हब उघडून साफ करणे हे मोठे काम नव्हे, पण किंमत ठरवताना त्याला वजन होते. शिवाय पुढची यंत्रणा फारशी वापरलीच गेली नसल्याने पुढच्या सीव्ही जॉइंटची (चाक वळलेले असतानाही ताकद पोचवणाऱ्या सांध्यांची) झीज कमी असणार, हा वरचा फायदा. लो रेंजही तपासली. गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून दांडी लोमध्ये टाकली, उतारावर पहिल्या गिअरमध्ये सोडून दिली आणि अॅक्सलरेटरवरचा पाय काढला. झिजलेल्या ट्रान्सफर केसमध्ये अशा वेळी दांडी आपोआप उडून न्यूट्रलला येते आणि उतारावर इंजिनाचा आधार एकदम सुटतो. इथे ती जागेवर राहिली. मागच्या डिफरन्शियलचा वरचा प्लग काढून मेकॅनिकांनी बोट आत घातले. ऑइल काळे होते, पण दुधट नव्हते, म्हणजे आत पाणी शिरलेले नव्हते. प्रोपेलर शाफ्टच्या एका क्रॉसमध्ये, म्हणजे सांध्यात, हाताला जाणवण्याइतका खेळ होता, मागच्या पाट्यांचे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) बुश फाटले होते आणि पाटे बसके झाले होते. हे सगळे कागदावर मांडून भाव ठरला.

आता कोरे पान लिहायची वेळ होती, आणि त्यावर वरच्या भागात एकही आकर्षक वस्तू आली नाही. आधी गाडी मूळ स्थितीला आणायची, असा क्रम लागला. दोन्ही हब उघडले तेव्हा उजव्या हबमधले ग्रीस सुकून मेणासारखे घट्ट झाले होते आणि आतली सरकती रिंग त्यात रुतून बसली होती. ती केरोसीनने धुऊन, पुसून, बेताचे ग्रीस लावून परत बसवली. इथे ग्रीस ठासून भरायचे नसते, नाहीतर रिंग पुन्हा अडकते. त्याच वेळी चाकांची बेअरिंग धुऊन नव्या ग्रीसमध्ये बसवून घेतली. क्रॉस आणि बुश बदलले. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता याची नोंद नव्हती. नोंद नसलेला बेल्ट बदललेला नाही असेच समजायचे असते, कारण तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन निकामी होऊ शकते.

दोन्ही डिफरन्शियल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे ऑइल बदलणे हे काम मला सर्वांत माहितीपूर्ण वाटले. यात एक नियम पाळायचा: आधी वरचा, भरायचा प्लग सैल होतो का ते पाहायचे आणि मगच खालचा उघडायचा, कारण ऑइल सांडून गेल्यावर वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. खालच्या प्लगला आतून चुंबक असते. मागच्या डिफरन्शियलच्या चुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट जमली होती. बोटांच्या चिमटीत ती चोळून पाहिली तर कण लागत नव्हते. ही नेहमीची झीज असते. चिमटीत टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर खर्चाचा सगळा हिशेबच बदलला असता.

याच कामाला जोडून एक खरी सुधारणा झाली, आणि ती सर्वांत स्वस्त होती. प्रत्येक डिफरन्शियलला हवा आत-बाहेर जाण्यासाठी एक लहान ब्रीदर असतो. गाडी चालून ऑइल तापलेले असताना ओढ्यात उतरली, की धातूचे घर एकाएकी थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर पाण्याखाली किंवा चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. त्या ब्रीदरना लांब नळ्या जोडून त्यांची तोंडे इंजिनाच्या कप्प्यात वर नेऊन बांधली. ज्यांना स्नॉर्केलची, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणाऱ्या नळीची, घाई असते, त्यांनी हे आधी करावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इंजिनाने हवा उंचावरून घेतली तरी डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस पाण्यातच असतात. स्नॉर्केलचा विचार मी सध्या बाजूला ठेवला आहे.

टायरचा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. गाडीबरोबर आलेल्या टायरांवर नक्षी चांगली शिल्लक होती, पण टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी या निर्मितीच्या खुणेतले शेवटचे चार अंक पाहिले तर पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, या हिशेबाने ते फार जुने निघाले. स्टेपनी तर बहुधा गाडी नवी असतानाचीच असावी. रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडल्या होत्या. पाचही टायर बदलणे अपरिहार्य होते, आणि मग मोह होणे साहजिक होते. मूळ आकार २३५/७५ आर १५. याचा व्यास काढायचा तर रुंदी २३५ मिलिमीटर, तिचे ७५ टक्के, म्हणजे १७६.२५ मिलिमीटर ही एका बाजूची उंची. ती दुप्पट करून त्यात १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवले की सुमारे ७३४ मिलिमीटर येतात. ज्याचे सगळीकडे कौतुक होते तो ३१ इंची टायर ७८७ मिलिमीटरचा. फरक सुमारे ५३ मिलिमीटर, पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम २७ मिलिमीटर. त्याच्या बदल्यात सगळे गिअर सात टक्क्यांनी लांबतात, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तितकी पुढे जाते, लो रेंजमधला सावकाशपणा तितकाच कमी होतो, स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०७ च्या आसपास असते, ब्रेकना जास्त वजनाचे चाक थांबवावे लागते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासण्याची शक्यता असते. मी मूळ आकाराचेच, ऑल-टेरेन नक्षीचे टायर घेतले.

वाचलेल्या पैशांत हवा भरायचा बारा व्होल्टचा चांगला कंप्रेसर आणि अचूक गेज आले. मऊ वाळूत हवा ३२ पीएसआयवरून १८ ते २० पर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांबट होतो आणि वजन जास्त जागेवर पसरते. याने जो फरक पडतो तो महागडे भाग बसवूनही पडत नाही. मात्र कमी हवेवर वेग कमी ठेवावा लागतो, तीव्र वळण टाळावे लागते आणि कठीण रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. म्हणूनच कंप्रेसरशिवाय हवा काढण्यात शहाणपण नाही.

सुधारणांची उरलेली यादी वजनकाट्याने ठरवली. कागदावर गाडीचे रिकामे वजन १,८५० किलो आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा २,५१० किलो, म्हणजे ६६० किलोंची मुभा. चार माणसांचे ३०० किलो धरले. पोलादी बंपर ५५, विंच ४०, छतावरचे रॅक ३५, त्यावरचा तंबू ६०, साठ लिटर पाणी ६०, दुसरी बॅटरी आणि फ्रिज मिळून ५०, कपडे-अन्न-अवजारे १००: बेरीज ७०० किलो. गाडी रस्त्यावर येण्याआधीच मर्यादेच्या ४० किलो पुढे. त्यातही छतावरचा भार गुरुत्वमध्य वर नेतो, आडव्या उतारावर त्याची भीती वाटते. आणि छताच्या क्षमतेत रॅकचे स्वतःचे वजनही मोजायचे असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तंबू आणि रॅक त्याच दिवशी खोडले. विंच घ्यायचा तर क्षमता भरलेल्या वजनाच्या दीडपट हवी, म्हणजे सुमारे ३,७६५ किलो; त्यासाठी ९,५०० पौंडांचा विंच आणि त्याला पेलणारा बंपर लागतो, आणि हे सगळे वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लोंबते. तोही खोडला.

त्याऐवजी चेसिसला बोल्टने बसणारे, क्षमता कोरलेले रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढताना दोर अडकवायच्या जागा) पुढे आणि मागे लावले. ताणला जाणारा कायनेटिक दोर, ४.७५ टनांचे दोन शॅकल (दोर जोडायच्या पोलादी कड्या), फावडे आणि वाळूत घालायच्या दोन पट्ट्या घेतल्या. टो-बॉलला दोर अडकवून रुतलेली गाडी ओढायची नाही, हा नियम मी सोबत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तो गोळा ट्रेलर ओढण्यासाठी असतो. झटक्याने तुटला तर ताणलेल्या दोराबरोबर गोळीसारखा सुटतो आणि याने माणसे दगावलेली आहेत.

सस्पेन्शनचे काम अजून व्हायचे आहे. पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे पोलादी दांडे, आहेत, त्यांचे बोल्ट आवळून गाडी फुकटात उंच करता येते असे सांगणारे भेटतात. उंच होते हे खरे. पण स्प्रिंग त्याने कडक होत नाही, फक्त चाक आपल्या खालच्या मर्यादेजवळ जाऊन बसते, खड्ड्यात खाली जायला जागा उरत नाही आणि सीव्ही जॉइंटचा कोन तीव्र होऊन त्यांचे रबरी बूट फाटू लागतात. मागे पाटे कितीही उंच केले तरी सलग अॅक्सलमधले डिफरन्शियल जमिनीपासून तितक्याच उंचीवर राहते. म्हणून उंची वाढवण्याऐवजी बसलेली उंची परत मिळवायची, असे ठरवले आहे. मागे नेहमीच्या भाराला साजेसे नवे पाटे, चारही शॉक अॅब्झॉर्बर नवे, पुढे २५ मिलिमीटरच्या आत वाढ आणि नंतर व्हील अलाइनमेंट. एवढ्या मर्यादेत ब्रेकचे होज ताणले जात नाहीत, तरी चाके लोंबकळत ठेवून ते मोजून घेणार आहे. कोणते बदल चालतात याचे नियम जागोजागी वेगळे असल्याने नोंदणी कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर मागवले आहे. ते येईपर्यंत पाट्यांची मागणी नोंदवलेली नाही.

पानाच्या तळाशी मागच्या अॅक्सलचे डिफरन्शियल लॉकर आहे. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, त्यामुळे एक चाक हवेत लटकले की जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही. लॉकर दोघांना एकत्र बांधतो. त्यासाठी मागचे डिफरन्शियल उघडावेच लागेल, तेव्हा आतली बेअरिंगही बदलता येतील. नवे पाटे बसले, थोडी चाल झाली आणि सामानासह गाडी पुन्हा काट्यावर चढवली, की मागच्या अॅक्सलवरचा आकडा पाहून त्याची मागणी नोंदवायची आहे.